४ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर डिफ्रॅग तीन दिवस अडकलंय: आधी ते थांबवा, मग मूळ दुखणं शोधू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लग्नाचं शूटिंग-एडिटिंग करता, सगळं फुटेज खिशात मावणाऱ्या एका ४ टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहे, प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन (क्लिप ओळीने लावलेली पट्टी) अडकायला लागली म्हणून कुणीतरी डिफ्रॅग कर, म्हणजे डिस्कवर तुकड्यांत विखुरलेल्या फाइल्स परत सलग कर म्हणालं, तुम्ही विंडोजचं ऑप्टिमाइझ हे डिफ्रॅगचंच टूल लावलं आणि आता तिसरा दिवस उजाडला तरी पहिल्याच पासमध्ये १७ टक्क्यांवर उभं आहे. डिस्कवर २७० जीबीच जागा उरलीय. थांबवलं तर डेटा जाईल का ही भीती, नाही थांबवलं तर तुळशीच्या लग्नानंतरच्या ऑर्डरी तोंडावर आल्यात ही दुसरी भीती. आणि शेवटी विचारलंय की यापेक्षा फास्ट डिफ्रॅग करणारं सॉफ्टवेअर कोणतं.

सॉफ्टवेअरचं आधीच सांगतो, कुठलंच नको. मी सोळा-सतरा वर्षं सांगली-मिरज भागात कॉम्प्युटर रिपेअरिंग करतोय, गिऱ्हाइकांत फोटो स्टुडिओ आणि व्हिडिओवाले भरपूर, त्यामुळे तुमच्यासारखी केस दर सीझनला दोन-चार तरी येतात. त्यातल्या बहुतेकांत डिफ्रॅग हळू चालतंय हा आजारच नसतो, डिस्क हळू झालीय आणि ती का झालीय हे कुणी बघितलेलं नसतं. आता तुमची नेमकी कोणती केस आहे हे डिस्क हातात न घेता मी छातीठोक सांगू शकत नाही, पण कुठल्या क्रमाने शोधायचं ते सांगतो, क्रम मात्र बदलू नका.

पहिलं म्हणजे ते डिफ्रॅग आत्ता थांबवा. त्याच विंडोत स्टॉप बटण आहे ते दाबा आणि थोडा वेळ द्या, हातातला तुकडा पूर्ण करूनच ते थांबतं. यात डेटा जात नाही. विंडोज फाइलचा तुकडा हलवताना आधी नव्या जागी कॉपी करतं, ती झाली की मग फाइल आता इथे आहे अशी नोंद बदलतं, आणि एनटीएफएस या विंडोजच्या फाइल मांडायच्या पद्धतीत या नोंदींचा वेगळा लॉग असतो. म्हणून स्टॉप दाबणं सुरक्षित आहे. धोका आहे तो वैतागून केबल उपटण्यात, किंवा लॅपटॉपची बॅटरी संपून किंवा लाइट जाऊन सगळंच मध्ये बंद पडण्यात. थांबल्यावर लगेच सेफली रिमूव्हही करू नका, डिस्क तशीच तासभर लावून ठेवा, काही कॉपी नाही, काही उघडायचं नाही. तिचा दिवा लुकलुकत राहील, आतून खरखर येईल, येऊ द्या. ती आतल्या आत काम उरकत असते, कसलं ते पुढे सांगतो.

दुसरं, या डिस्कवरच्या फुटेजची दुसरी कॉपी आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही म्हणजे बहुतेक नसावी. नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी जी लग्नं अजून डिलिव्हर व्हायची आहेत ती फोल्डर्स दुसरीकडे कॉपी करा. हे मी इतकं ठासून का सांगतोय तर २०१४ साली माझ्याच हातून ही चूक झालीय. एका स्टुडिओवाल्याने २ टीबीची डिस्क आणून दिली, स्लो चाललीय म्हणाला, मी दिवसभराच्या गडबडीत तिची तब्येत न बघता रात्री डिफ्रॅग लावून घरी गेलो. सकाळी दुकान उघडलं तर डिस्क टिक टिक करत होती आणि विंडोजला दिसतही नव्हती. डिस्क आधीच मरायला टेकलेली होती आणि मी तिला रात्रभर पळवलं. त्यात एका घरातला हळदीचा कार्यक्रम होता, लग्नाचं दुसऱ्या कॅमेऱ्यातून मिळालं पण हळदीचं काही परत आलं नाही, आणि त्या कार्यक्रमात नवरीची आजी ओव्या म्हणत होती ते फक्त त्याच व्हिडिओत होतं. त्या मुलीला फोन करून मीच सांगितलं होतं. तेव्हापासून डिस्कची तब्येत बघितल्याशिवाय मी डिफ्रॅग सोडा, विंडोजचं डिस्क तपासायचं टूल चेकडिस्कसुद्धा लावत नाही.

तर तब्येत कशी बघायची. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट टूल आहे ते चालवा. त्यात वर गुड, कॉशन किंवा बॅड असं दिसतं, पण नुसत्या त्या निळ्या-पिवळ्या रंगावर जाऊ नका, खाली यादीतल्या चार ओळी वाचा. ०५ म्हणजे रीअलोकेटेड सेक्टर (बिघडले म्हणून बदललेले डिस्कचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे करंट पेंडिंग (संशयास्पद कप्पे), सी६ म्हणजे अनकरेक्टेबल (दुरुस्त न होणारे) आणि सी७ म्हणजे सीआरसी एरर (डेटा ये-जा करतानाच्या चुका). त्यांच्या रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात सगळी शून्यं असतील तर छान. सी५ किंवा सी६ मध्ये शून्य सोडून काहीही असेल तर डिस्कवर असे सेक्टर आहेत जे तिला वाचता येत नाहीयेत, ती तिथे पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते आणि तुमचं डिफ्रॅग एकाच टक्क्यावर गोठतं. अशा डिस्कवर डिफ्रॅग नाही, चेकडिस्क नाही, फक्त डेटा बाहेर काढायचा, सगळ्यात महत्त्वाचा आधी. कॉपी करतानाही एखादी फाइल अडली तर तिच्यामागे लागू नका, ती सोडून बाकीचं काढा आणि अडलेल्यासाठी नंतर रिकव्हरीवाल्याकडे जा. सोबत विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग उघडून सोर्स डिस्क असलेल्या एंट्री बघा. तिथे इव्हेंट ७ दिसला तर बॅड ब्लॉक, १५३ दिसला तर वाचायचं-लिहायचं काम विंडोजला परत परत करावं लागतंय. हे तीन दिवसांत शेकड्याने जमले असतील तर १७ टक्क्यांचं उत्तर तिथेच मिळालं.

सी७ मात्र वेगळी गोष्ट आहे, तो आकडा वाढत असेल तर दोष बहुतेक जोडणीत असतो. आणि एक्स्टर्नल डिस्कमध्ये केबल हा प्रकार लोक फार हलक्यात घेतात. तुमच्या पोर्टेबल डिस्कला ती रुंद, दोन भागांची मायक्रो यूएसबी असेल तर तिच्या मोठ्या भागात जुन्या मोबाइल चार्जरची साधी केबलपण बसते आणि डिस्क चालतेही, फक्त ती यूएसबी २ च्या वेगाने चालते. म्हणजे सेकंदाला ३०-३५ एमबी, त्याच्यावर काही केलं तरी जात नाही. तुमच्या डिस्कवरचा सगळा डेटा एकदा नुसता वाचायला या वेगाने २९-३० तास लागतील, आणि डिफ्रॅगला तर वाचून परत त्याच डिस्कवर लिहायचंय. माझ्याकडे आलेल्या एका केसमध्ये एवढंच निघालं, मूळ केबल हरवलेली, घरातली दुसरी लावलेली. तेव्हा आधी केबल बघा, पोर्ट यूएसबी ३ चा आहे का बघा, हब किंवा एक्स्टेन्शन काढून डिस्क थेट लॅपटॉपला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला. लॅपटॉप स्लीपमध्ये जातोय का, पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क २० मिनिटांनी बंद करायचं सेटिंग आहे का, हेही त्याच हाताने बघून टाका.

आता जागेचं. विंडोजला ही डिस्क ३.६३ टीबीची दिसते, त्यात २७० जीबी रिकामी म्हणजे जेमतेम सात टक्के. विंडोजच्या डिफ्रॅगला नीट काम करायला १५ टक्के मोकळी जागा लागते, तुमच्या डिस्कला ते साधारण ५५० जीबी होतात. तुमच्याकडे त्याच्या निम्मीच जागा. वर ती २७० जीबीही एका ठिकाणी नाही, सगळीकडे विखुरलेली असणार. माजघरात सामान छतापर्यंत रचलंय आणि तुम्हाला त्यातली मोठी कपाटं हलवायची आहेत, उभं राहायलाच जागा नाही, मग हे उचल तिथे ठेव, ते उचल इथे ठेव, हेच चालू राहतं. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून डिफ्रॅग, मग ड्राइव्हचं अक्षर, मग स्लॅश ए आणि स्लॅश व्ही असं दिलं की ते काही न हलवता नुसता रिपोर्ट देतं. त्यात रिकाम्या जागेचा सगळ्यात मोठा सलग तुकडा किती तो आकडा असतो. तो जर २ जीबी असेल आणि तुमची एकेक क्लिप १२ जीबीची असेल तर ती क्लिप सलग बसणार कुठे?

आणि इथे एक गोष्ट आहे जी कळली की निम्मी काळजी जाते. फाइलचे तुकडे झाले म्हणजे डिस्क स्लो झाली असं सरसकट नसतं, तुकडा केवढा आहे यावर सगळं आहे. १२ जीबीची क्लिप समजा ६४ एमबीच्या तुकड्यांत विखुरलीय, म्हणजे १९२ तुकडे. प्रत्येक तुकड्याला हेड (डिस्क वाचणारा आतला भाग) दुसरीकडे न्यायला २० मिलिसेकंद धरा, सगळ्या उड्या मिळून चार सेकंदसुद्धा होत नाहीत, आणि १०० एमबीच्या वेगाने तीच क्लिप वाचायला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटांत चार सेकंद, काही फरक पडत नाही. पण तीच क्लिप ६४ केबीच्या तुकड्यांत विखुरली असेल तर जवळपास १ लाख ९७ हजार तुकडे आणि नुसत्या उड्यांनाच तासाच्या वर. म्हणूनच विंडोज ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे फ्रॅगमेंटेशनच्या हिशोबात धरत नाही आणि त्यांना एकत्र आणायच्या मागे लागत नाही. काही बाहेरची सॉफ्टवेअरं त्याच डिस्कला लालभडक दाखवून ४० टक्के फ्रॅगमेंटेड म्हणतात आणि विंडोज २ टक्के म्हणतं, ते यामुळेच. कॅमेऱ्याच्या कार्डावरून एका वेळी एक कार्ड कॉपी केलेलं फुटेज सहसा मोठ्या तुकड्यांतच बसतं. बारीक भुगा होतो तो डिस्क गळ्यापर्यंत भरलेली असताना जुन्या प्रोजेक्टच्या बारीक फाइल्स डिलीट करून त्या भोकांत नवीन भरत राहिलं की, किंवा दोन-तीन कार्डं एकदम कॉपीला लावली की, किंवा सीसीटीव्ही नाहीतर टॉरेंटसारखं काही त्याच डिस्कवर लिहीत असेल की.

यानंतरचा मुद्दा मला तुमच्या केसमध्ये सगळ्यात संशयास्पद वाटतो. अडीच इंची, ४ टीबीची पोर्टेबल डिस्क म्हणजे ती जवळजवळ नक्की एसएमआर प्रकारची असणार. कोकणात किंवा आपल्याकडच्या जुन्या घरांवर कौलं घातलेली बघितली असतील, प्रत्येक कौल खालच्या कौलावर थोडं चढवलेलं असतं. एसएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक असेच एकमेकांवर थोडे थोडे चढवून लिहितात म्हणून तेवढ्याच तबकडीवर जास्त डेटा मावतो. वाचायला काही अडचण नाही. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली पुढची कौलं काढून परत घालावी लागतात, तसं इथे मधलं थोडंसं लिहायचं तरी त्या पट्ट्यातलं पुढचं सगळं वाचून परत लिहावं लागतं. हे लगेच करत बसायला नको म्हणून डिस्क येणारा डेटा आधी एका राखीव कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत टाकते आणि निवांत झाली की तिथून मूळ जागी हलवते. तुम्ही एखादं कार्ड कॉपी करता तेव्हा हे जाणवतही नाही. डिफ्रॅग मात्र तिला निवांत होऊच देत नाही, सतत मधे मधे लिहीत राहतं, कॅश भरते आणि वेग १०० एमबीवरून ५-१० एमबीवर येतो. १० एमबीने निम्मा डेटा जरी हलवायचा म्हटला तरी ५० तास होतात. डिफ्रॅग थांबवल्यावर तासभर लावून ठेवा म्हटलं ते याचसाठी, ती साठलेली कॅश उरकत असते.

डिस्क एसएमआर आहे का हे बॉक्सवर सहसा लिहिलेलं नसतं. २०२० मध्ये नॅसच्या (नेटवर्कवर जोडायच्या स्टोरेजच्या) ड्राइव्हमध्ये न सांगता एसएमआर घातल्यावरून मोठी ओरड झाली, त्यानंतर कंपन्यांनी कुठल्या मॉडेलमध्ये काय आहे त्याच्या याद्या साइटवर टाकल्या, त्यात मॉडेल नंबर शोधता येतो, तो क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये वर दिसतोच. नाहीतर नंतर कधी डिस्क रिकामी असताना १००-२०० जीबीचं फोल्डर त्याच त्याच फाइल्सवर दोन-तीनदा ओव्हरराइट करून बघा, आधी छान पळून मग वेग एकदम कोसळून तिथेच राहिला तर समजायचं. एसएमआर डिस्कवर मी डिफ्रॅग करत नाही आणि कुणाला करूही देत नाही.

आता जरा उलटं जाऊ, कारण तुमचं मूळ दुखणं टाइमलाइन अडकते हे होतं. ती डिस्कमुळेच अडकते हे कुणी ठरवलं? डिस्क थंडावली की तोच प्रोजेक्ट उघडा, टास्क मॅनेजर शेजारी ठेवा आणि प्ले करा. तुमच्या डिस्कचा अॅक्टिव्ह टाइम १०० टक्के आणि वाचायचा वेग १०-१५ एमबी, तर दोष डिस्कच्या बाजूला. पण डिस्क ३०-४० टक्के आणि सीपीयू १०० टक्के असेल तर डिस्क बिचारी निर्दोष आहे, तुमच्या मशीनला एच २६५ चं (जास्त दाबून साठवलेलं) टेन बिट फुटेज डिकोड करायला, म्हणजे उलगडायला जड जातंय. हिशोब बघा, १०० एमबीपीएसचं ४के म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला साडेबारा एमबी. तीन कॅमेऱ्यांची मल्टिकॅम लावली तरी साडेसदतीस. चांगल्या स्थितीतली पोर्टेबल डिस्क एवढं देऊ शकते, अर्थात तीन क्लिपांमध्ये हेड उड्या मारत असल्याने थोडं मागेपुढे होईल. सीपीयूची केस निघाली तर प्रॉक्सी, म्हणजे त्याच क्लिपच्या हलक्या कॉप्या बनवा, त्या लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर ठेवा आणि एडिटिंग त्यावर करा. गेल्या वर्षी एकाने दोन नव्या हार्ड डिस्क घेतल्या होत्या टाइमलाइनसाठी, शेवटी प्रॉक्सीने काम झालं.

समजा डिस्कची तब्येत ठणठणीत आहे, केबल बरोबर आहे आणि तरी ती स्लोच आहे. मग मी काय करतो ते सांगतो, सोपं आहे. दुसरी एक तेवढीच किंवा मोठी डिस्क घ्यायची, तशीही बॅकअपसाठी ती तुम्हाला लागणारच आहे. सगळा डेटा तिच्यावर कॉपी करायचा, विंडोजच्या रोबोकॉपी कमांडने किंवा व्हेरिफायचा ऑप्शन असलेल्या कॉपी टूलने. यूएसबी ३ वर सरासरी ९० एमबी मिळाले तर ११-१२ तास, तुकडे जास्त असतील तर वाचायला आणखी वेळ लागेल, एक रात्र आणि अर्धा दिवस धरा. मग दोन-चार लग्नांच्या क्लिप नव्या डिस्कवरून उघडून, मध्ये-शेवटी सरकवून बघायच्या. पूर्ण खात्री झाली की मगच जुनी डिस्क क्विक फॉरमॅट करायची, एनटीएफएस. निव्वळ व्हिडिओच ठेवायचे असतील तर मी अॅलोकेशन युनिट (फाइलला जागा द्यायचं एकक) ६४ केबी ठेवतो, बारीक फाइल्सही भरपूर असतील तर डिफॉल्ट आहे तेच राहू द्या. मग फक्त चालू प्रोजेक्ट परत आणायचे, एका वेळी एक फोल्डर, दोन कॉपी एकदम कधीच नाही. रिकाम्या डिस्कवर फाइल्स ओळीने सलग बसतात, म्हणजे डिफ्रॅगला जे आठवडाभरात जमलं नसतं ते एका दिवसात होतं, एसएमआरला सलग लिहिणं आवडतंही, आणि वर जुनी लग्नं दुसऱ्या डिस्कवर सुखरूप राहतात. पैसे खर्च होतात हे कळतंय मला, पण एका लग्नाच्या ऑर्डरीपुढे ते काही नाहीत.

डिफ्रॅग कधीच करू नये असंही माझं म्हणणं नाही. साडेतीन इंची, वेगळ्या पॉवर अॅडॅप्टरची, एसएमआर नसलेली डिस्क असेल, २० टक्के जागा मोकळी असेल, रिपोर्टमध्ये खरंच बारीक तुकडे दिसत असतील आणि बॅकअप असेल तर यूपीएसवर लावून बिनधास्त करा, रात्रभरात बराच फरक पडतो. दोन-चारच फाइल्स त्रास देत असतील तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं कॉन्टिग नावाचं छोटं टूल फक्त तेवढ्याच फाइल्स सलग करतं. डिस्क एनटीएफएसऐवजी एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर बऱ्याचदा विंडोज ऑप्टिमायझेशन नॉट अव्हेलेबल म्हणून मोकळं होतं, तिथेही मग कॉपी-फॉरमॅट-कॉपी हाच रस्ता. आणि डिफ्रॅग सुरूच होत नसेल, डिस्कमध्ये एरर आहेत असं म्हणत असेल तर चेकडिस्क स्लॅश एफ करायचं, स्लॅश आर नाही, ते अख्खी डिस्क वाचत बसतं आणि ४ टीबीला त्याचाही दिवस मोडतो. अर्थात हे सी५ आणि सी६ शून्य असतील तरच.

दोन सेटिंगं आजच बदला. ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जच्या विंडोत चेंज सेटिंग्जमध्ये जाऊन ड्राइव्ह निवडायच्या यादीतून ही डिस्क काढा, नाहीतर विंडोज दर आठवड्याला आपणहून परत डिफ्रॅग सुरू करेल आणि तुम्हाला वाटेल डिस्क पुन्हा बिघडली. आणि प्रीमिअरचं मीडिया कॅशे (त्याच्या तात्पुरत्या फाइल्स) या डिस्कवर असेल तर ते आतल्या एसएसडीवर न्या, त्या हजारो बारीक फाइल्स बनतात-पुसल्या जातात आणि भोकं पाडतात ती तिथेच.

आज रात्री एवढं करा: स्टॉप, तासभर विश्रांती, दुसरी कॉपी नसेल तर द्यायच्या लग्नांची कॉपी, मग क्रिस्टलडिस्कइन्फो. त्या चार ओळींचे आकडे, डिस्कचा मॉडेल नंबर आणि प्ले करतानाचे टास्क मॅनेजरचे दोन आकडे इथे लिहा, मी बघून पुढचं सांगतो. सी५ मध्ये काही दिसलं तर मात्र माझ्या उत्तराची वाट बघू नका, लगेच कॉपीला लावा, आणि ज्या घरचं लग्न सगळ्यात आधी द्यायचंय ते फोल्डर पहिलं.